काटे दिसले म्हणजे कॅक्टस नव्हे

सिल्लोड सोडून अजिंठ्याच्या घाटाकडे निघाले की मका आणि मिरचीची शिवारे मागे पडतात. मग खडकाळ उतारांवर हिरव्या, काटेरी, गाठाळ खोडांची बेटे दिसू लागतात. हे काय आहे असे कोणालाही विचारले तर उत्तर एकच मिळते, निवडुंग. गावाकडच्या बांधावरचा फड्या हाही निवडुंगच, आणि रोपवाटिकेतून हौसेने आणलेले मुठीएवढे गोल काटेरी रोपही निवडुंगच. गच्चीतले ब्रह्मकमळ आणि शेतात सिमेंटच्या खांबावर चढवलेले ड्रॅगन फ्रूट यांना मात्र कोणी निवडुंग म्हणत नाही. वनस्पतिशास्त्राचा निकाल याच्या जवळजवळ उलटा आहे. डोंगरावरची ती बेटे कॅक्टस नाहीत, ब्रह्मकमळ आणि ड्रॅगन फ्रूट मात्र आहेत. वनस्पती उद्यानात अशा रोपांचा सांभाळ करणाऱ्या क्युरेटरचे निम्मे आयुष्य ही ओळख पक्की करण्यात जाते. ओळख चुकली की पुढचे सगळे चुकते, मग ते औषध असो, कुंपण असो, कीडनियंत्रण असो की संवर्धन. या लेखात ‘निवडुंग’ हा शब्द लोक वापरतात त्या सैल अर्थाने घेतला आहे आणि ‘कॅक्टस’ हा शब्द फक्त कॅक्टेसी या कुळासाठी.

गैरसमज: काटेरी, मांसल, बिनपानांचे ते सगळे एकाच जातकुळीचे. अजिंठ्याच्या डोंगरातला निवडुंग म्हणजे इथला गावरान कॅक्टस.

कॅक्टसचे कूळ मूळचे अमेरिका खंडाचे. अपवाद एकच, ऱ्हिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही फांद्यांवर लोंबणारी, काटे नसलेली जात. ती आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही आपोआप वाढते. महाराष्ट्राच्या डोंगरांत एकही कॅक्टस मूळचा नाही. इथे उतारांवर जी बेटे दिसतात ती युफोर्बियाची, म्हणजे एरंडाच्या कुळातली. युफोर्बिया निव्हुलिया, युफोर्बिया नेरीफोलिया आणि त्रिधारी निवडुंग म्हणून ओळखला जाणारा युफोर्बिया अँटिकोरम ही त्यांतली ठळक नावे. डोळ्यांना होणारा घोटाळा समजण्यासारखा आहे. पाणी कमी, ऊन कडक आणि चरणारी जनावरे भरपूर अशा ठिकाणी तगायचे तर उपाय ठरलेले असतात. पाने कमी करायची, खोडात पाणी साठवायचे, अंगावर काटे घ्यायचे. मेक्सिकोत कॅक्टसने हेच केले आणि आफ्रिका-आशियात युफोर्बियाने हेच केले. पण दोघे एकमेकांचे नातेवाईक नव्हेत.

फरक ओळखायला भिंगही लागत नाही. कॅक्टसचे काटे ज्या जागेवरून निघतात तिथे बारीक लोकरीची एक गादी असते. काटे, फूल, नवी फांदी, सगळे त्या गादीतून येते. युफोर्बियाला अशी गादी नसते. त्याच्या बऱ्याच जातींत काटे जोडीजोडीने येतात, आणि खोडाला नख लावले की पांढरा चीक ठिबकतो. बहुतेक कॅक्टसांतून निघतो तो पाणचट रस. नख लावून पाहायचेच असेल तर हात डोळ्यांपासून दूर ठेवावा. युफोर्बियाचा आणि त्याच गोतातल्या शेराचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते आणि काही काळ दिसेनासेही होऊ शकते. डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि डॉक्टर गाठावा. मेक्सिकोत फड्याच्या कोवळ्या पानट्यांची भाजी होते हे खरे आहे. पण ‘निवडुंग खाता येतो’ एवढेच ऐकून कोणी डोंगरावरचा युफोर्बिया शिजवायला घेतला तर तो विषच शिजवत असतो. वर्गीकरण हा पुस्तकी खटाटोप वाटणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण लक्षात ठेवले तरी पुरे.

गैरसमज: बांधावरचा फड्या निवडुंग पूर्वापार आपलाच आहे.

कित्येक पिढ्यांनी पाहिलेले झाड परके वाटत नाही. फड्याची कुंपणे झाली, त्याची लाल बोंडे पोरांनी कुसळे घासून खाल्ली, म्हणींत आणि शिव्यांतही त्याला जागा मिळाली. पण फड्या म्हणजे ओपन्शिया, खराखुरा कॅक्टस, आणि तो युरोपीय जहाजांबरोबर आला. भारतातली त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण चुकीच्या ओळखीचा याहून मोठा दाखला मिळणे कठीण आहे.

अठराव्या शतकात किरमिजी रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. हा रंग मेक्सिकोत ओपन्शियावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून निघतो. ईस्ट इंडिया कंपनीला तो हिंदुस्थानात पिकवायचा होता. १७९५ साली कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधून असे किडे कलकत्त्याला आणले. ते कोचिनीलच आहेत असे सगळ्यांनी धरून चालले. प्रत्यक्षात ती त्याच वंशातली दुसरी जात होती, डॅक्टिलोपियस सिलोनिकस. तिचा रंग हलका निघाला आणि धंदा बसला. पण किड्याने आपले काम चोख केले. ओपन्शिया मोनाकँथा ही फड्याची एक जात त्याने उत्तर आणि मध्य भारतात झपाट्याने संपवत आणली. हे लक्षात आल्यावर १८३६ ते १८३८ या काळात तो मुद्दाम दक्षिणेत नेला गेला आणि पुढे श्रीलंकेतही. तणाविरुद्ध किडा वापरण्याच्या जगातल्या पहिल्यावहिल्या घटनांपैकी ही एक आहे, आणि ती घडली एका चुकीच्या नावातून.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. दक्षिणेत फड्या तरीही माजलेलाच राहिला. त्या किड्याने त्याला तोंडही लावले नाही. कारण तो फड्या वेगळा होता, ओपन्शिया डिलेनी. शेतकऱ्याच्या नजरेला दोन्ही सारखेच, किड्याच्या नजरेला नव्हे. शेवटी १९२६ साली श्रीलंकेतून डॅक्टिलोपियस ओपन्शिए ही तिसरी जात आणली आणि तेव्हा कुठे तो फड्या आटोक्यात आला. आजही बांधावरच्या एखाद्या फड्यावर कापसाच्या बोंडातून उडाल्यासारखे पांढरे पुंजके चिकटलेले दिसतात. काडीने एक चिरडला की काडी लालभडक होते. तोच तो किडा. फड्याला ‘रोग पडला’ असे म्हणून त्यावर फवारणी करण्याचे कारण नाही.

गैरसमज: ब्रह्मकमळ हे हिमालयातले फूल. ते आपल्या कुंडीत फुलले म्हणजे देवाची कृपाच.

श्रावणाच्या आसपास एखाद्या रात्री पांढरेशुभ्र, ओंजळभर फूल उमलते. शेजारपाजारचे बघायला येतात, घरातली मंडळी हळदकुंकू वाहतात. या आनंदात कोणी मोडता घालू नये. पण ते फूल हिमालयातले नाही. ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारा कॅक्टस. हिमालयातले ब्रह्मकमळ म्हणजे सॉस्युरिया ऑबव्हॅलाटा. ते सूर्यफुलाच्या कुळातले, तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर वाढते आणि उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. फिकट पिवळसर, पातळ कागदासारख्या आवरणांत त्याची जांभळट फुले दडलेली असतात. ते सिल्लोडच्या उन्हाळ्यात आठवडाभरही जगणार नाही. पांढरा रंग, रात्रीचे उमलणे, पहाटे मिटणे आणि वर्षातून मोजक्याच वेळा येणे या सगळ्यामुळे गच्चीतल्या फुलाला ते नाव शोभून दिसते, म्हणून ते टिकले.

हा कॅक्टस आहे याचा पुरावा त्या रोपावरच असतो. ज्याला सगळे पान म्हणतात त्याच्या कडेला खाचा असतात आणि कळी त्या खाचेतून निघते. पानाच्या कडेला अशी कळी धरत नाही, खोडाला धरते. ते ‘पान’ म्हणजे चपटे झालेले खोड, आणि ती खाच म्हणजे वर सांगितलेली गादी. जंगलात झाडांच्या सावलीत राहणाऱ्याला काट्यांची गरज पडली नाही, म्हणून काटे गेले. रात्री फुलण्याचे कारणही साधे आहे, त्याचे परागण निशाचर पतंग करतात. ड्रॅगन फ्रूटचे फूलही असेच रात्रीचे, असेच मोठे आणि पांढरे असते, कारण दोघांचे गोत्र एक. ड्रॅगन फ्रूट चिनी असल्याची समजूतही याच जोडीला खोडून टाकावी. तेही मूळचे अमेरिकेचेच.

गैरसमज: शास्त्रज्ञ नावे सारखी बदलतात, म्हणजे त्यांनाच नक्की काही ठाऊक नाही.

या तक्रारीत तथ्य असल्यासारखे वाटते. ड्रॅगन फ्रूट कालपर्यंत हायलोसेरियस होते, २०१७ नंतर ते सेलेनिसेरियसमध्ये गेले. लिनियसने १७५३ साली सगळे ज्ञात कॅक्टस ‘कॅक्टस’ या एकाच वंशात कोंबले होते. १९१९ ते १९२३ या काळात ब्रिटन आणि रोज या वनस्पतिशास्त्रज्ञांनी चार खंडांचा ग्रंथ लिहून त्यांचे शंभराहून अधिक वंश केले. पुढच्यांनी त्यांतले कित्येक पुन्हा एकत्र केले. आता डीएनए पाहून पुन्हा मांडणी चालू आहे.

पण बदलते ते नाते, वनस्पती नव्हे. महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ. जुन्नरच्या परिसरात सापडलेल्या एका मांसल वनस्पतीला १८६० च्या दशकात डाल्झेल या वनाधिकाऱ्याने फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून. लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या उभ्या कड्यांत तिची थोडीच झुडपे टिकून आहेत. ती रुईच्या कुळातली. तिच्या जवळच्या गोतातल्या माकडशिंगासारख्या वनस्पतींना नावापुरतीही पाने नसतात, हिला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पाने येतात आणि कोरड्या दिवसांत ती गळतात. या एका लक्षणामुळे डाल्झेलने तिला स्वतंत्र वंश दिला. नंतरच्या अभ्यासकांनी फूल तपासले, ते माकडशिंगाच्या जातीचेच दिसले, म्हणून तिला कॅराल्युमात नेले. पुढे ती बूसेरोशियात गेली, आणि अलीकडे तर काही अभ्यासकांनी हा सगळा गोतावळा सेरोपेजिया या एकाच मोठ्या वंशात घ्यावा असे मांडले. प्रत्येक बदलामागे नवा पुरावा आहे. त्याचा प्रत्यक्ष उपयोगही आहे. सर्वांत जवळचा नातेवाईक कोण हे कळले की परागण कोणती माशी करत असेल, बी किती दिवस जिवंत राहत असेल, कलम कशावर धरेल याचे अंदाज बांधता येतात. क्युरेटर जुनी नावे पुसत नाही. नोंदवहीत ती सगळी एकाखाली एक राहतात, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा कागद वाचणाऱ्यालाही आपण त्याच वनस्पतीबद्दल बोलतो आहोत हे कळते.

मराठवाड्याच्या बाबतीत या नोंदींना एक वेगळेच महत्त्व आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रातल्या अभ्यासकांचा तो अनेक दशके आधार होता. पण सिल्लोड तेव्हा निजामाच्या राज्यात. घाटाखालचा खानदेश ग्रंथाच्या हद्दीत आणि घाटावरचे पठार हद्दीबाहेर. वनस्पतींना ही सीमा ठाऊक नव्हती, कागदांना होती. ही उणीव भरून काढणाऱ्या कामांत व्ही. एन. नाईक यांचा १९९८ सालचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा ग्रंथ ठळक आहे. एखादी जात इथे ‘नव्याने सापडली’ अशी बातमी येते तेव्हा ती नवी आलेली असते असे नाही. बऱ्याचदा तिची नोंद आधी कोणी घेतलेली नसते एवढेच.

गैरसमज: वनस्पती उद्यान म्हणजे मोठी बाग आणि क्युरेटर म्हणजे मोठा माळी.

बागेत रोप सुंदर असले की भागते. वनस्पती उद्यानात त्याला जन्मदाखला लागतो. ते कोणत्या डोंगरातून, कोणत्या तारखेला, कोणी आणले, तिथे खडक कोणता होता, शेजारी काय वाढत होते, हे एका क्रमांकाखाली नोंदवलेले असते आणि तो क्रमांक कुंडीवर असतो. पाटी हरवली तर रोप जिवंत राहते, पण संवर्धनाच्या दृष्टीने ते जवळपास निकामी होते. कारण ते कुठल्या डोंगरावर परत लावायचे हे कोणीच सांगू शकत नाही.

पुराव्यासाठी वाळवलेला नमुनाही ठेवावा लागतो, आणि मांसल वनस्पतींचा नमुना करणे म्हणजे कसोटी. साधे रोप दाबकागदात ठेवले की आठवड्याभरात वाळते. निवडुंगी रोप दाबकागदातही जगते, कधी कधी तिथेच कोंब काढते. म्हणून आधी त्याला उकळत्या पाण्याने किंवा स्पिरिटने मारावे लागते. कॅक्टसचे खोड उभे चिरून, आतला गर खरवडून, नुसती साल काट्यांसह वाळवतात. फूल सुकले की त्याचा आकार जातो, म्हणून ते वेगळ्या बाटलीत द्रवात ठेवतात. कांड्यांची संख्या, काट्यांची मांडणी आणि फुलाचा ताजा रंग तिथल्या तिथे लिहून घ्यावे लागतात, कारण वाळलेल्या नमुन्यात ते जसेच्या तसे उरत नाहीत. हे काम करणाऱ्यांची संख्या कमी आहे आणि आपल्याकडे त्याला मान त्याहून कमी. ही गोष्ट खरोखर खटकणारी आहे.

गैरसमज: कुंडीत जगते आहे ना? मग ती जात वाचली.

शिंदळ माकुडीची कांडी तोडून वाळूत लावली की सहज रुजते. देशोदेशींच्या हौशी संग्रहांत ती आहे. तरीही कड्यावरची तिची अवस्था त्यामुळे सुधारत नाही. कांडीपासून केलेली शंभर रोपे म्हणजे एकाच झुडपाची शंभर रूपे. त्यांच्यात वेगळेपण नाही. एखादा रोग आला तर सगळी एकदमच जातील. अनेक कॅक्टसांत तर स्वतःच्या किंवा आपल्याच कांडीच्या परागाने बीच धरत नाही, म्हणून संग्रहातल्या गर्दीतही ते निपुत्रिक राहतात. शिवाय कुंडीबरोबर कड्यावरची माशी येत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरोपेजियाच्या भारतातल्या जातींचा मोठा संग्रह उभा केला. सेरोपेजिया म्हणजे कंदीलपुष्प. त्याचे फूल हा एक सापळा असतो. नळीच्या आतले केस खाली वळलेले असतात. माशी आत शिरते, पण बाहेर पडू शकत नाही. फूल कलू लागले आणि केस सुकले की ती पराग घेऊन सुटते आणि दुसऱ्या कंदिलात शिरते. या नात्याचा दुसरा भागीदार उद्यानात मिळेलच असे नाही. म्हणून चांगला क्युरेटर रोपे वाढवतो ती परत नेऊन लावण्यासाठी. वेगवेगळ्या डोंगरांवरचे बी वेगळे ठेवतो, त्यांची सरमिसळ होऊ देत नाही, आणि लावलेली रोपे फुलतात का, फळ धरतात का हे वर्षानुवर्षे पाहत राहतो. उद्यान हा आपत्तीतला आसरा आहे, मूळ घर नव्हे.

गैरसमज: दुर्मिळ रोप डोंगरावरून उपटून घरी आणले तर ते वाचवल्यासारखेच आहे.

हा समज प्रेमातून येतो, म्हणून तो दूर करणे सर्वांत अवघड जाते. उद्या गुरे खातील किंवा जेसीबी येईल, त्यापेक्षा आपल्या कुंडीत बरे, असा विचार त्यामागे असतो. पण कड्यावर झुडपेच थोडी असतील, तर त्यांतली दोन-तीन उपटणे हाच त्या वस्तीवरचा मोठा घाला ठरतो. आणलेले रोप बहुधा पहिल्याच पावसात कुजते, कारण आपल्या काळ्या चिकण मातीत पाणी साचून राहते आणि या मुळांना ते सोसत नाही. जगलेच तर त्याच्या जन्मस्थळाची नोंद नसते.

हौसेमागे बाजारही उभा राहतो. २०२० साली इटलीतल्या पोलिसांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरून आणलेले हजारभर कॅक्टस एका संग्राहकाकडून जप्त केले. पुढच्या वर्षी त्यांतले ८४४ चिलीला परत पाठवण्यात आले. त्यांतली काही रोपे शंभर वर्षांहून जुनी होती. कॅक्टसचे जवळपास सगळे कूळ १९७५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराखाली आहे. भारतातही रानातून काढलेल्या ज्या वनस्पतींच्या निर्यातीला बंदी आहे त्यांच्या यादीत सेरोपेजिया, शिंदळ माकुडी आणि युफोर्बिया आहेत. रोप हवेच असेल तर बी किंवा कलमापासून वाढवलेले घ्यावे आणि विकणाऱ्याला ते कुठून आणले हे विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

गैरसमज: निवडुंग चिवट असतो, त्याला काय धाड भरली आहे?

वाळवंट सोसणारी वनस्पती नांगर, दगडखाण किंवा पिशवी घेऊन आलेला संग्राहक सोसू शकत नाही. अनेक कॅक्टस अतिशय सावकाश वाढतात. बोटभर व्हायला वर्षे आणि फुलायला आणखी वर्षे घेतात. २०१५ साली जगभरातल्या १४७८ कॅक्टस जातींची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. शेतीसाठी आणि जनावरांसाठी जमिनी मोकळ्या करणे, तसेच बागांसाठी रोपे आणि बिया रानातून ओरबाडणे ही त्याची मोठी कारणे होती. फड्यासारख्या दोन-चार माजणाऱ्या जाती बघून सगळ्या कुळाला चिवट ठरवणे चुकीचे आहे.

गैरसमज: संगणकाजवळ कॅक्टस ठेवला की तो किरण शोषून घेतो.

नाही. पडद्यातून येणारी किरणे सरळ रेषेत जातात, बाजूला ठेवलेली कुंडी त्यांना आपल्याकडे ओढून घेऊ शकत नाही. आडवी आली तेवढीच अडतील, आणि तेवढे काम पाण्याचा तांब्याही करील. मुळात आजच्या पडद्यांतून धोका व्हावा असे काही बाहेर पडत नाही. कॅक्टसला मात्र टेबलावरच्या अंधाराचा धोका आहे. उजेडाविना तो लांबोडका, फिकट होतो आणि मरतो.

गैरसमज: त्याला पाणी लागतच नाही. आणि लाल-पिवळा कॅक्टस ही एक खास जात आहे.

पाणी लागते, साचलेले चालत नाही. मुरूम, जाड वाळू आणि विटांचे तुकडे घातलेल्या मातीत वाढत्या दिवसांत ती सुकली की पाणी द्यावे, थंडीत हात आखडावा. खेड्यापाड्यांत यासाठी लागणारा उत्तम मुरूम पायाखालीच असतो. लाल-पिवळ्या गोळ्याचे म्हणाल तर तो जिम्नोकॅलिसियमचा असा प्रकार आहे की ज्यात हिरवे द्रव्यच नाही. त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही, म्हणून तो ड्रॅगन फ्रूटच्या गोतातल्या हिरव्या खोडावर कलम करून जगवलेला असतो. खालचे खोड कुजले की वरचा रंग संपला. काही कुंड्यांवर वाळलेली फुले डिंकाने चिकटवलेली असतात, ती तर नुसती फसवणूक आहे.

गैरसमज: खडकाळ उघडा माळ म्हणजे पडीक जमीन. तिथे झाडे लावली की निसर्गाचे भलेच होते.

सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने होते, आणि ती सगळ्यांत सद्हेतूची आहे. दुष्काळ सोसलेल्या भागात हिरवे झाड दिसले की जिवाला बरे वाटते. त्यामुळे उघड्या माळावर खड्डे घेऊन ओळीने रोपे लावणे हे पुण्याचे काम वाटते. पण माकडशिंग, कंदीलपुष्पे, युफोर्बियाच्या कंदवर्गीय जाती यांचे घर म्हणजे हाच पातळ मातीचा, उन्हात तापणारा, गवताचा माळ. तिथे सावली पडली की त्या मागे हटतात. खड्ड्यासाठी कुदळ पडते तेव्हा सेरोपेजियाचा कंद आधी निघतो. गुराखी आणि पोरे कंद चवीने खातात. यंत्राने उकरलेला माळ मात्र पुन्हा भरून येत नाही. झाडांना विरोध नाही. गावठाण, रस्ते, शाळा, बांध, ओढ्याकाठ अशी त्यांची जागा भरपूर आहे. माळाची निवड करताना तो खरोखर रिकामा आहे का एवढेच आधी पाहायचे असते.

आणि ते पाहण्याचा हंगाम ठरलेला आहे. सेरोपेजियाचा वेल पावसानंतर कंदातून वर येतो, गवतात गुरफटून फुलतो आणि हिवाळ्यापर्यंत वाळून नाहीसा होतो. वृक्षारोपणाच्या जागा बहुधा उन्हाळ्यात ठरतात, म्हणजे पावसाच्या तोंडावर खड्डे तयार असावेत. मे महिन्यात त्या माळावर फिरणाऱ्याला तापलेला खडक आणि वाळके गवत दिसते आणि ‘वनस्पती आढळल्या नाहीत’ अशी नोंद होते. कंद त्याच वेळी त्याच्या पायाखाली वीतभर खोल असतात. घाटमाथ्यावरच्या आणि पठारावरच्या माळांची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात, वनस्पती ओळखणारा माणूस बरोबर घेऊन करायला हवी, आणि कुठे खड्डे घ्यायचे नाहीत याचा नकाशा त्या पाहणीवरून तयार व्हायला हवा.